हिरोशिमात राहायला येताय? आधी घरामागचा डोंगर बघा

हिरोशिमात शिकायला किंवा नोकरीसाठी येणाऱ्या मराठी मंडळींचे निरोप मला वर्षभर येत असतात. त्यातला पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो: "तिथे अजून रेडिएशन आहे का?" दुसरा प्रश्न शाकाहारी जेवणाचा. घर डोंगरापासून किती लांब असावं, हे मला आजवर कुणीही विचारलेलं नाही. पण आज या शहरात राहणाऱ्याच्या जिवाला खरा धोका आहे तो त्या डोंगराचाच.

चुकीच्या गोष्टीची तयारी करून माणसं येतात आणि मग कागद, घर, पाऊस, लोकांशी बोलणं या सगळ्यात अडखळतात. म्हणून खालचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. बऱ्याच चुका क्रम मोडल्यामुळेच होतात.

टप्पा १: रेडिएशनचा प्रश्न घरातच मिटवा

६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब जमिनीवर फुटला नाही. तो साधारण ६०० मीटर उंचीवर फुटला. त्यातला बराचसा किरणोत्सारी अंश गरम हवेबरोबर वर गेला आणि विखुरला. जमिनीत आणि इमारतींच्या सामानात जी किरणोत्सारिता तयार झाली होती, ती फार झपाट्याने ओसरली. आज इथलं प्रमाण जगात इतरत्र निसर्गतः असतं तेवढंच आहे. सुमारे १२ लाख लोक इथलं पाणी पितात, इथल्या खाडीतले कालव खातात, इथेच मुलं वाढवतात. गरोदर बाईनेही इथे वेगळी काळजी घ्यायचं कारण नाही.

पुष्कळ लोकांच्या मनात हिरोशिमा आणि फुकुशिमा यांची सरमिसळ झालेली असते. फुकुशिमाचा अपघात २०११ मधला, अणुवीज केंद्रातला. ते ठिकाण टोकियोच्याही पलीकडे, उत्तरेला आहे. आई-वडिलांना नकाशा उघडून दाखवा. तोंडी सांगितलेलं त्यांना पटत नाही, असा माझा अनुभव आहे.

हे निघण्याआधी करायचं, कारण पुढे ते भेटायला येतात तेव्हा हाच प्रश्न शेजाऱ्यासमोर किंवा तुमच्या साहेबांसमोर विचारून बसतात. समोरचा माणूस बॉम्बमधून वाचलेल्या कुणाचा तरी नातू असू शकतो. इथल्या अशा कुटुंबांनी वर्षानुवर्षं "यांच्या अंगात विष आहे" ही कुजबुज सोसली आहे. त्यापायी कितीतरी लग्नं मोडली आहेत. आपण काळजीपोटी विचारलेला प्रश्न त्यांच्या कानाला तीच जुनी कुजबुज वाटतो.

*सावधान:* घर दाखवणाऱ्या एजंटला किंवा विद्यापीठाच्या कचेरीत "हा भाग रेडिएशनच्या दृष्टीने सुरक्षित आहे ना?" असं चुकूनही विचारू नका.

टप्पा २: "हिरोशिमा" म्हणजे नेमकं कुठे?

ऑफर लेटरवर हिरोशिमा लिहिलंय म्हणून शहराच्या मध्यात घर बघू लागणं ही फार नेहमीची चूक.

हिरोशिमा विद्यापीठाचा मुख्य परिसर हिरोशिमा शहरात नाहीच. तो साइजोला, म्हणजे हिगाशी-हिरोशिमा या वेगळ्या शहरात आहे. हिरोशिमा स्टेशनवरून जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, गाडीने साइजो सुमारे ४० मिनिटं, आणि तिथून पुढे बस. वैद्यकीय शाखा मात्र शहरातल्या मिनामी वॉर्डात, कासुमीला आहे. हिरोशिमा सिटी युनिव्हर्सिटी ही निराळी संस्था, ती आसामिनामी वॉर्डात. पुण्याहून वाहन उद्योगातले जे लोक माझदाकडे येतात त्यांनी लक्षात घ्यावं: कंपनीचं मुख्यालय फुचू या गावात आहे. फुचूला चारही बाजूंनी हिरोशिमा शहराने वेढलंय, पण त्याचा कारभार स्वतंत्र आहे.

हे इतकं महत्त्वाचं का? तुमचा पत्ता ज्या पालिकेत येतो तिथेच नोंदणी, आरोग्य विमा, मुलांची शाळा आणि कचऱ्याचे नियम ठरतात. शहरात आठ वॉर्ड आहेत: नाका, हिगाशी, मिनामी, निशी, आसामिनामी, आसाकिता, आकि आणि साएकि. यातला "हिगाशी वॉर्ड" आणि "हिगाशी-हिरोशिमा शहर" ही दोन वेगळी ठिकाणं आहेत. दोन्हीत घोळ करून चुकीच्या कचेरीत अर्धा दिवस घालवलेले तिघे-चौघे मला माहीत आहेत.

*तपासा:* रोज जायच्या जागेचा पूर्ण पत्ता, जवळचं स्टेशन आणि तिथली पालिका, या तीन गोष्टी एका कागदावर लिहा. त्या लिहून होईपर्यंत घर शोधायला लागू नका.

टप्पा ३: नाव आधी, कागद नंतर

मराठी नावाची रचना जपानी फॉर्मला झेपत नाही. पासपोर्टवर "दिलेलं नाव" या रकान्यात आपल्याकडे स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो. जपानचं निवासी कार्ड पासपोर्टवरून जसंच्या तसं छापलं जातं, आणि मग बँक, फोन, पगार, विमा सगळीकडे तेच लांबलचक नाव जुळावं लागतं.

१. पासपोर्टमध्ये दुरुस्ती हवी असेल तर ती सर्वांत आधी करा. पुढचा प्रत्येक कागद त्या नावावर बेतलेला असतो.

२. लग्नानंतर नाव बदललं असेल तर पासपोर्ट, विवाह प्रमाणपत्र आणि मुलांच्या जन्मदाखल्यावरचं आईचं नाव एकमेकांशी ताडून पाहा. जोडीदाराच्या व्हिसाला विवाह प्रमाणपत्र लागतं. कार्यालयात लग्न लागलं पण नोंदणी राहून गेली, अशी जोडपी अजूनही भेटतात. दाखल्यांचा जपानी अनुवादही जोडावा लागतो.

३. नावाचं काताकाना, म्हणजे परदेशी नावं लिहायच्या जपानी लिपीतलं रूप एकदाच ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. जपानीत ल आणि र वेगळे नाहीत, ळ नाही, आणि व दोन-तीन प्रकारे लिहितात. "नलावडे" एका कचेरीत "नरावादे" होतं, दुसरीत "नराबादे". बँकेतलं नाव आणि पगारपत्रकातलं नाव असं फुटलं की पैसे परत जातात. तुमच्या वतीने कुणालाही ते लिहू देऊ नका.

४. आता पात्रता प्रमाणपत्र, म्हणजे सीओई. त्याचा अर्ज जपानमधून तुमची कंपनी किंवा विद्यापीठ करतं. साधारण एक ते तीन महिने लागतात. कुटुंब बरोबर येणार असेल तर त्यांचा अर्जही त्याच वेळी टाकायला सांगा. नंतर वेगळा टाकला की मुलांचं शाळेचं वर्ष हुकतं.

५. सीओई हातात आल्यावर व्हिसा. महाराष्ट्रातल्या अर्जदारांचं काम मुंबईतून होतं. सीओई जारी झाल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांत जपानमध्ये दाखल व्हावं लागतं.

*सावधान:* सीओई येण्याआधी नोकरीचा राजीनामा, भाड्याचं घर सोडणं आणि विमानाचं तिकीट, या तिन्ही गोष्टी थांबवा. "नक्की येणारच आहे" या भरवशावर पुण्यातलं घर रिकामं करून दोन महिने नातेवाईकांकडे काढलेलं कुटुंब मी पाहिलंय.

भारतातली कंपनी तुम्हाला ठरावीक मुदतीसाठी पाठवत असेल तर आणखी एक कागद. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. पाच वर्षांपर्यंतच्या नेमणुकीत भविष्य निर्वाह निधी कार्यालयाचं कव्हरेज प्रमाणपत्र असेल तर जपानच्या पेन्शनची कपात टळते. ते निघण्याआधी कंपनीकडून मागून घ्या.

टप्पा ४: घर, आणि घरामागचा डोंगर

या टप्प्यावर मी सर्वांत जास्त लिहिणार आहे.

हिरोशिमा शहर ओता नदीच्या मुखाशी, नदीच्या फाट्यांमधल्या सपाट जमिनीवर वसलंय. ती जमीन संपली की लगेच डोंगर सुरू होतात, आणि वस्ती त्या डोंगरांच्या कुशीत शिरलेली आहे. हा डोंगर ग्रॅनाइटचा आहे. त्याची झीज होऊन जी माती बनते तिला इथे "मासादो" म्हणतात. कोरडी असताना ती वाळूसारखी भुसभुशीत असते आणि जोराच्या पावसात वाहून खाली येते.

२० ऑगस्ट २०१४ च्या पहाटे आसामिनामी आणि आसाकिता वॉर्डांत दरडी कोसळल्या आणि ७० हून अधिक माणसं गेली. त्याच्या अवघे तीन आठवडे आधी, ३० जुलैला, आपलं माळीण गाव डोंगराखाली गेलं होतं. ज्याने माळीण, तळिये किंवा इर्शाळवाडीच्या बातम्या पाहिल्यात त्याला मी काय म्हणतोय हे वेगळं समजावायला नको. जुलै २०१८ मध्ये पुन्हा तेच झालं. त्या वेळी हिरोशिमा प्रांतात शंभराहून जास्त लोक दगावले.

तेव्हा मी डोंगराच्या पायथ्याशी राहत होतो. भाडं कमी, मागे झाडी, खिडकीतून हिरवागार उतार, म्हणून ते घर घेतलं होतं. ६ जुलैच्या संध्याकाळी फोन मोठ्याने वाजला. पडद्यावर लाल पट्टी आणि कांजी, म्हणजे जपानीतली चिनी वळणाची अक्षरं. मला काहीच कळलं नाही, म्हणून आम्ही दार लावून आत बसलो. शेजारच्या आजी छत्री घेऊन आल्या, दार ठोठावलं आणि हाताला धरून आम्हाला शाळेच्या व्यायामशाळेत घेऊन गेल्या. सकाळी परत आलो तेव्हा मागच्या गल्लीत गुडघाभर चिखल आणि दगड होते. घर वाचलं. पण ते नशिबाने वाचलं, आमच्या शहाणपणाने नाही.

म्हणून घर बघताना हा क्रम पाळा.

१. पहिले काही महिने शक्यतो विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा कंपनीच्या घरात काढा. भारतात बसून, फोटो पाहून घर घेऊ नका.

२. घर आवडलं की भाड्याची बोलणी करण्याआधी त्याचा पत्ता प्रांताच्या दरडींच्या धोक्याच्या नकाशावर टाका. पिवळा रंग म्हणजे दरडीच्या धोक्याचा पट्टा. लाल म्हणजे इमारतच उद्ध्वस्त होऊ शकेल असा भाग. लाल पट्ट्यातलं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका. पिवळ्या पट्ट्यात घ्यायचीच वेळ आली तर वरचा मजला आणि डोंगराच्या उलट बाजूची झोपायची खोली निवडा.

३. डोंगर टाळून मध्यवस्तीत आलात तर तिथे पुराचा आणि वादळात समुद्राचं पाणी चढण्याचा प्रश्न आहे. त्यासाठी वेगळा नकाशा असतो. तळमजला टाळला की बरंच काही साधतं.

४. करारावर सही करण्याआधी एजंट तुम्हाला "जूयो जिको सेत्सुमेई" वाचून दाखवतो. घर दरडीच्या पट्ट्यात आहे का, हे त्यात सांगणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि २०२० पासून पुराच्या नकाशावर घर कुठे येतं हेही दाखवावं लागतं. आपली माणसं इथे नुसती "हाइ, हाइ" (हो, हो) म्हणत मान हलवतात. तसं करू नका. थांबवून विचारा: "दोशा साइगाई केइकाई कुइकी देसु का?" म्हणजे, हा दरडीच्या धोक्याचा भाग आहे का? उत्तर कळेना तर जपानी येणाऱ्या माणसाला सोबत घेऊन दुसऱ्या दिवशी या.

पैशांचंही इथेच बघून घ्या. आत शिरताना पहिल्या महिन्याच्या भाड्याखेरीज "शिकिकिन" (अनामत), "रेइकिन" (मालकाला द्यायची, परत न मिळणारी रक्कम), एजंटचं कमिशन, हमी कंपनीची फी आणि आगीचा विमा असं सगळं मिळून चार-पाच महिन्यांच्या भाड्याएवढी रक्कम सहज जाते. ती बरोबर आणा, कारण पहिला पगार किंवा शिष्यवृत्ती हातात पडायला वेळ लागतो. घर मिळतं तेही अगदी मोकळं. बऱ्याचदा दिवे, पडदे, गॅसची शेगडी काहीच नसतं. गॅस पाइपचा आहे की सिलिंडरचा, हेही विचारा. सिलिंडरचा गॅस बराच महाग पडतो, आणि आपल्या घरात दोन वेळा पोळी-भाजी होते.

*तपासा:* नकाशावरचा तुमच्या घराचा रंग कोणता? हे तुम्हाला आत्ता न बघता सांगता आलं पाहिजे.

टप्पा ५: बॅगेत काय भरायचं नाही

जेवणाची चिंता करून लोक बॅग डाळी, कडधान्यं आणि अख्ख्या मसाल्यांनी भरतात. वनस्पती क्वारंटाइनच्या नियमांमुळे कच्चं धान्य, कडधान्य, बिया आणि ताजी फळं-पानं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय आणता येत नाहीत. कढीपत्त्याच्या ताज्या डहाळ्या तर विसराच. खसखस उगवण्याजोगी असेल तर तिच्यावर अफूच्या झाडामुळे बंदी आहे. मांसाचा कुठलाही पदार्थ चालत नाही. दळलेला गोडा मसाला, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी अशा पॅकबंद गोष्टी आणा. डाळ-तांदूळ इथे भारतीय सामानाच्या दुकानांतून किंवा ऑनलाइन मिळतात.

औषधांकडे जास्त लक्ष द्या. डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधं एक महिन्यापुरती आणता येतात. त्याहून जास्त हवी असतील तर आधी जपानच्या आरोग्य खात्याची मंजुरी लागते. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन आणि खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं. आपल्याकडे ती मेडिकलमध्ये सहज मिळतात, इथे मात्र त्यांपायी विमानतळावर अडकायला होतं. प्रत्येक पट्टीवरचं घटकाचं नाव वाचा आणि डॉक्टरची चिठ्ठी इंग्रजीत टाइप करून घ्या.

शाकाहाराबद्दल एवढंच: "निकु नाशी", म्हणजे मांस नको, एवढं म्हटल्याने काम भागत नाही. माशाचा अर्क, "दाशी", सूपपासून सॉसपर्यंत सगळ्यात असतो. हिरोशिमाच्या ओकोनोमियाकीत, म्हणजे तव्यावरच्या जाड धिरड्यात, नूडल्सबरोबर डुकराच्या मांसाचा थर ठरलेलाच असतो. तो काढायला सांगता येतो, दाशीचं मात्र आधी विचारावं लागतं.

टप्पा ६: पहिले १४ दिवस

निवासी कार्ड मोठ्या विमानतळांवर उतरतानाच मिळतं. विद्यार्थ्यांनी तिथेच अर्धवेळ कामाच्या परवानगीचा फॉर्म भरावा. आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते. विमानतळावर जमलं नाही तर पुढे इमिग्रेशनच्या कचेरीत जाऊन करावं लागतं.

त्यानंतर क्रम असा:

१. घरात राहायला गेल्यापासून १४ दिवसांच्या आत वॉर्ड किंवा पालिका कार्यालयात पत्ता नोंदवा. कार्डाच्या मागे पत्ता छापून मिळतो. हे झाल्याशिवाय पुढचं काहीही हलत नाही.

२. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विमा. दवाखान्याच्या बिलाचा साधारण ३० टक्के भाग तुम्ही भरायचा, उरलेला विमा भरतो. कंपनीत असाल तर विमा कंपनीकडून होतो.

३. २० वर्षांवरच्या विद्यार्थ्यांनी त्याच वेळी पेन्शनमधून विद्यार्थी म्हणून सवलतीचा अर्ज द्यावा. हा अर्ज दर वर्षी करावा लागतो, आणि विसरला की थकबाकीची पत्रं येऊ लागतात.

४. मग फोन.

५. त्यानंतर बँक. फोन नंबर आणि पत्ता असलेलं कार्ड नसेल तर बहुतेक बँका परत पाठवतात. काही ठिकाणी सहा महिने होईपर्यंत खात्यावर बंधनं असतात. पोस्टाच्या बँकेतून सुरुवात करणं बऱ्याच जणांना सोपं गेलंय.

*सावधान:* घराच्या टपालपेटीवर नाव लिहा, आजच. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. माय नंबरचं, म्हणजे सरकारी ओळख क्रमांकाचं पत्र आणि बँकेचं कार्ड याच कारणाने परत गेल्याच्या तक्रारी मी वारंवार ऐकतो.

पासपोर्ट हरवणं, नूतनीकरण, बाळाची नोंद, अशा भारतीय कामांसाठी हिरोशिमा पश्चिम जपानमधल्या भारतीय वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतं. टोकियोला जायची गरज नाही.

टप्पा ७: कचरा

पत्ता नोंदवताना कचऱ्याचा तक्ता मागून घ्या आणि फ्रिजवर चिकटवा. हिरोशिमा शहर, साइजो आणि फुचू यांचे नियम वेगळे आहेत, म्हणून मित्राला विचारून उपयोग नाही. पिशवी ठरलेल्या दिवशी सकाळीच ठेवायची, आदल्या रात्री नाही. आपल्या घरात भाजीची सालं आणि चहाचा चोथा जास्त निघतो. तो पाणी निथळून टाका, नाहीतर उन्हाळ्यात मजलाभर वास पसरतो आणि तक्रार थेट मालकाकडे जाते.

शेजाऱ्यांची ओळख करून घेण्याचं कामही याच आठवड्यातलं. छोटासा खाऊ घेऊन वर, खाली आणि दोन्ही बाजूंच्या दारांवर जा. आजींनी त्या रात्री आमचं दार ठोठावलं, कारण आम्ही तिथे राहतो हे त्यांना ठाऊक होतं.

टप्पा ८: जून लागण्याआधी पावसाची तयारी

इथला पहिला पाऊस, "त्सुयु", साधारण जूनमध्ये सुरू होऊन जुलैच्या मध्यापर्यंत चालतो. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरात वादळं येतात. मे संपायच्या आत हे करा.

तुमच्या भागाचं आसरा घेण्याचं ठिकाण शोधा. दरडीसाठीचं ठिकाण आणि पुरासाठीचं ठिकाण वेगळं असू शकतं. तिथपर्यंत दिवसा एकदा पायी चालत जा. वाटेत ओढा किंवा डोंगराचा उतार लागतो का, हे चालतानाच कळतं.

इशाऱ्यांच्या पाच पातळ्या असतात. वृद्ध आणि आजारी माणसांनी तिसऱ्या पातळीला निघायचं, बाकी सगळ्यांनी चौथीला. पाचवी म्हणजे वेळ निघून गेलेली असते. "पाचवी आली की जाऊ" असं म्हणणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, चौथीलाच निघा. लहान मूल असेल तर तिसरीलाच. "हिनान" म्हणजे सुरक्षित जागी जाणं, हा शब्द कांजीत ओळखायला शिका. फोनवर सेफ्टी टिप्स हे ॲप इंग्रजीत लावून ठेवा.

दाराजवळ पिशवी तयार ठेवा: पाणी, बॅटरी, निवासी कार्डची प्रत, रोख पैसे, औषधं. आसऱ्याच्या ठिकाणी मिळणाऱ्या भाताच्या गोळ्यांत बहुधा मासे असतात. शाकाहारी असाल तर चिवडा, शेंगदाण्याचे लाडू भरून ठेवा.

*तपासा:* रात्री दोन वाजता, पावसात, वीज गेलेली असताना तुम्ही त्या ठिकाणी पोहोचाल का?

टप्पा ९: काय विचारायचं आणि काय नाही

बॉम्बमधून वाचलेल्यांना "हिबाकुशा" म्हणतात. मार्च २०२५ अखेर देशभरात त्यांची संख्या एक लाखाच्या खाली आली आणि सरासरी वय ८६ च्या वर गेलं. तुमच्या इमारतीत, क्लिनिकच्या रांगेत, ट्राममध्ये ते असू शकतात, आणि तुम्हाला ते कधी कळणारही नाही. कित्येकांनी स्वतःच्या मुलांनाही उशिरा सांगितलं.

म्हाताऱ्या माणसाला वय विचारून मनात हिशेब करू नका. "तुम्ही तेव्हा कुठे होतात?" हा प्रश्न तर नकोच. कुणी आपणहून बोलायला लागलं तर हातातलं काम बाजूला ठेवा, फोन काढू नका, मध्ये आपल्या दुःखाची तुलना आणू नका. ऐकायची मनापासून इच्छा असेल तर त्यासाठी शहराने मार्ग ठेवलेत. शांतता स्मारक संग्रहालयात साक्ष पुढे नेणाऱ्या, खास शिकवून तयार केलेल्या लोकांची कथनं होतात, इंग्रजीतही. तिथल्याच शांतता स्मारक उद्यानातल्या राष्ट्रीय स्मृतिभवनात वाचलेल्यांच्या आठवणी बसून वाचता येतात.

संग्रहालय पहिल्याच रविवारी, सकाळी ते आणि दुपारी मियाजिमा बेट, असं उरकू नका. तुम्ही पर्यटक नाही, तुमच्याकडे वेळ आहे. आधी मोठ्यांनी जाऊन या, त्या दिवशी दुसरं काही ठरवू नका. मुलांना कधी न्यायचं ते नंतर तुमचं तुम्हालाच कळेल.

आणि एक प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, त्याची तयारी ठेवा: "भारताकडे अणुबॉम्ब आहे ना? तुम्हाला काय वाटतं?" १९७४ आणि १९९८ च्या पोखरण चाचण्या आपल्याकडे अभिमानाने शिकवल्या जातात. तीच वाक्यं तोच सूर लावून इथल्या जेवणाच्या टेबलावर बोलली की सगळे गप्प होतात, आणि तुम्हाला कारणही कुणी सांगत नाही. मत बदला असं मी म्हणत नाही. आपल्या देशाने काय आणि का केलं हे शांतपणे सांगता आलं पाहिजे, आणि समोरच्याचं घर या जमिनीवर आहे हे बोलताना लक्षात राहिलं पाहिजे. अधिवेशन चालू असताना आपल्या लोकसभेतही हिरोशिमाच्या मृतांना आदरांजली वाहिली जाते, हे इथे फार थोड्यांना माहीत आहे. ते जरूर सांगा.

मुलं शाळेत असतील तर हा प्रश्न त्यांच्यापर्यंतही येतो. इथल्या शाळांत शांततेचे धडे असतात, मुलं कागदी क्रौंच पक्ष्यांच्या माळा करतात. वर्गात ऐकलेलं घेऊन मूल रात्री तुमच्या कुशीत येईल. त्याला काय सांगायचं हे आई-बाबांनी आधी आपसात बोलून ठेवावं.

टप्पा १०: ६ ऑगस्ट

या दिवशी हिरोशिमा शहराची सरकारी कार्यालयं बंद असतात. नोंदणी, विमा असलं काही त्या तारखेला ठेवू नका. उन्हाळ्याची सुटी असली तरी शहरातल्या बऱ्याच शाळा मुलांना त्या दिवशी बोलावतात, म्हणून भारताची तिकिटं काढण्याआधी शाळेचं वेळापत्रक बघा.

सकाळी ८ वाजता शांतता स्मारक उद्यानात कार्यक्रम सुरू होतो. ८.१५ ला घंटा वाजते आणि एक मिनिट सगळे स्तब्ध उभे राहतात. उद्यानातच असायला हवं असं नाही. घरात, ऑफिसात, रस्त्यावर, जिथे असाल तिथे थांबा. जायचं असेल तर खूप लवकर निघा, सुरक्षा तपासणी असते. पाणी आणि टोपी घ्या, ऊन फार कडक असतं. कपडे साधे, छत्री घडी घालून ठेवा, कारण मागच्या रांगेत म्हातारी माणसं असतात.

संध्याकाळी मोतोयासु नदीत कागदी कंदील सोडतात. त्यावर चार शब्द लिहायचे असतात, मराठीतही लिहिता येतात. फोटो काढायचे तर नदीचे, कंदिलांचे लांबून काढा. हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा टिपू नका. बॉम्बमधून उरलेल्या इमारतीच्या घुमटाजवळच्या ट्राम थांब्यावर प्रचंड गर्दी असते, एक-दोन थांबे आधी उतरून चालत जा.

भारतातल्या ग्रुपवर त्या दिवशी "हिरोशिमा दिनाच्या शुभेच्छा" असे निरोप फिरतात. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की हा शुभेच्छांचा दिवस नाही, आणि असा निरोप तुमच्या स्टेटसवर जाऊ देऊ नका. तुमचे जपानी सहकारी तो भाषांतर करून वाचतात.

ऑक्टोबरमध्ये येणार असाल तर

वरचा क्रम एप्रिलमध्ये येणाऱ्यांना सरळ लागू पडतो. ऑक्टोबरमध्ये येणाऱ्यांना पावसाळा आणि ऑगस्ट यायला आठ-दहा महिने असतात. नेमके तेच लोक हिवाळ्यात स्वस्त घर बघतात, कोरडा ठणठणीत डोंगर पाहून निर्धास्त होतात आणि सही करतात. साइजोला थंडीही शहरापेक्षा जास्त असते, त्यामुळे सगळं लक्ष हीटर आणि गाद्यांकडे जातं. टप्पा ४ मधला नकाशा तुम्हीही सही करण्याआधीच बघा, आणि टप्पा ८ साठी मे महिन्याच्या पहिल्या रविवारचा गजर आजच फोनमध्ये लावून ठेवा.